ठमीला (मांजर, वय ११) आतड्याचा कॅन्सर असू शकतो म्हणाले. पुण्याला नेऊ की घरीच ठेवू?

गोदाकाठची · १२ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार. मी गंगाखेडची. इथं बरीच वर्षं वाचते, लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली.

आमची ठमी अकरा वर्षांची आहे. आई गेली त्या वर्षी पावसाळ्यात अण्णांच्या किराणा दुकानामागे बारदानावर एक ओलं पिल्लू सापडलं होतं, तीच ही. अण्णा आता ७६ वर्षांचे आहेत. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की आधी ठमी आत जाते, मग अण्णा. रात्री ती त्यांच्या पायाशी झोपते. या अकरा वर्षांत अण्णा एकही रात्र बाहेरगावी राहिले नाहीत. कारण विचारलं की गुडघे सांगतात, पण खरं कारण आम्हाला माहीत आहे.

दिवाळीच्या आधीपासून ती वाळू लागली. खायची, पण अंगी लागेना. आठवड्यातून दोन-तीनदा उलटी व्हायची. केसांचा गोळा असेल म्हणून मी सोडून दिलं, ते आता मनाला लागून राहिलंय. दुकानाच्या काट्यावर उन्हाळ्यात ४ किलो १०० भरली होती, परवा २ किलो ९००. मागच्या आठवड्यात दोन दिवस तिनं तोंडच लावलं नाही. इथल्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर भला माणूस, पण त्यांचा सगळा दिवस गाई-म्हशींत जातो. त्यांनी सलाईन लावलं आणि स्वतःच म्हणाले, ताई, परभणीला व्हेटर्नरी कॉलेजला न्या, इथं वेळ घालवू नका.

परभणीला सोनोग्राफी झाली. लहान आतड्याची भिंत जाड झाली आहे, जवळच्या लसिकाग्रंथी सुजल्या आहेत. एक तर जुनी सूज असेल, नाही तर लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कॅन्सर. नक्की सांगायचं तर तुकडा काढून तपासावा लागेल, आणि तो पुण्या-मुंबईला काढलेला बरा, असं तिथं सांगितलं. येताना आणखी एका खाजगी डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. ते म्हणाले, तुकडा काढून काय करणार, आजपासून स्टेरॉइड सुरू करा, खायला लागेल. गोळ्यांची पट्टी आत्ता माझ्या शेजारी पडली आहे. अजून दिलेली नाही.

भावाला फोन केला. तो म्हणाला, सोयाबीन हमीभावाच्या कितीतरी खाली विकलं, उसनवारी अजून फिटली नाही, आणि तू मांजर घेऊन पुण्याला निघालीस? तो वाईट नाही, त्याचंही खरं आहे. अण्णा काहीच बोलत नाहीत. फक्त तिची वाटी दर तासाला तिच्या तोंडाजवळ सरकवतात.

ज्यांनी यातून काढलंय त्यांनी सांगा, तुम्ही कसं ठरवलं?

---

सुमन जालना · १२ नोव्हेंबर, रात्री ११:०५

ताई, ती पट्टी आज उघडू नका. बाकीचं उद्या सविस्तर लिहिते, पण एवढं आत्ताच सांगते. तपासणीचा नमुना घेण्याआधी स्टेरॉइड देऊ नका.

---

लातूरची आत्या · १२ नोव्हेंबर, रात्री ११:२०

वाचून पोटात कालवलं. अण्णांना जपा. दोघंही जेवा.

---

निवृत्त पशुवैद्य · १३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

गोदाकाठची ताई, मी चौतीस वर्षं शासकीय नोकरीत होतो, त्यातली बरीच परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांत. निवृत्तीनंतर कुत्र्या-मांजरांचंच काम करतो. ठमीला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण म्हणून वाचा.

सुमनताईंनी बरोबर सांगितलं. स्टेरॉइड लिम्फोमाच्या पेशींनाही मारतं. त्यामुळे आधी ते दिलं की जनावर चार दिवसांत खायला लागतं, सगळ्यांना हायसं वाटतं, पण मागाहून घेतलेल्या नमुन्यात आजार झाकला जातो. शिवाय उरलेल्या पेशी निबर होतात आणि पुढची औषधं नीट लागू पडत नाहीत. ते खाजगी डॉक्टर चुकीचं औषध देत होते असं मी म्हणणार नाही, कारण काही घरांसाठी तेच शेवटचं आणि योग्य औषध असतं. पण तो निर्णय म्हणून घ्यायचा असतो, घाईत नव्हे.

आता मूळ गोष्ट. आतड्याचा लिम्फोमा म्हणजे एकच आजार नाही. लहान पेशींचा लिम्फोमा सावकाश वाढतो. त्यावर प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइडच) आणि क्लोरॅम्ब्युसिल (हे कॅन्सरवरचं औषध) या तोंडाने द्यायच्या दोन गोळ्या आहेत, घरी देता येतात. बहुतेक मांजरांना गुण येतो आणि पुष्कळशी दोन वर्षं किंवा त्याहून जास्त चांगली जगतात. मोठ्या पेशींचा लिम्फोमा वेगळा, तो आठवड्यांत पसरतो. त्याला शिरेतून द्यायची तीन-चार औषधं, दर आठवड्याला दवाखाना. तरीही निम्म्याहून थोड्या जास्त मांजरांनाच गुण येतो, आणि आला तरी बहुतेकदा हिशोब महिन्यांचा असतो. नुसत्या स्टेरॉइडवर ठेवलं तर साधारण महिना-दोन महिने. म्हणून 'कॅन्सरवर उपचार करू का' हा प्रश्न आत्ता विचारूच नका. कोणता आहे, एवढंच आधी काढा.

त्यासाठी सरळ पुण्याला पळायची गरज नाही. सोनोग्राफीवर बघत सुजलेल्या ग्रंथीतून बारीक सुईने पेशी घेता येतात. मोठ्या पेशींचा असेल तर पुष्कळदा सुईतच कळतं. लहान पेशींचा आणि साधी सूज यांतला फरक मात्र सुईत कळत नाही, तिथे तुकडाच लागतो. परभणीला सुईबद्दल विचारा. सोबत रक्ताची पूर्ण तपासणी, मूत्रपिंड, यकृत, आणि फेलाइन ल्युकेमिया विषाणूची चाचणीही करून घ्या.

आणि मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साचून तेच जिवावर बेततं. रिपोर्ट येईपर्यंत तिच्या पोटात काही ना काही गेलंच पाहिजे. मळमळीचं इंजेक्शन, भुकेची गोळी, बी-१२ ची इंजेक्शनं, हे सगळं स्टेरॉइडशिवाय देता येतं. आजच मागा.

---

सुमन जालना · १३ नोव्हेंबर, दुपारी १:१५

डॉक्टरसाहेबांनी माझं काम सोपं केलं. आमचा बोका नऊ वर्षांचा होता. असंच वजन उतरलं, अशीच पट्टी मिळाली, आम्ही दिली. दोन महिने तो इतका छान खाऊ-खेळू लागला की आम्ही शेजाऱ्यांना पेढे दिले. मग एका आठवड्यात सगळं उलटलं. तेव्हा पुण्याला नेला. तिथं सांगितलं की आता तुकडा काढला तरी नीट कळेल याची खात्री नाही. आमच्या हातातून निर्णयच गेला होता. तो गेला याचं दुःख आहेच, पण आपण काही ठरवूच शकलो नाही हे जास्त सलतं.

म्हणून माझं मत पक्कं आहे. पुण्याला न्या, दुर्बिणीतून तुकडा काढा, एकदाचं कळू द्या.

---

सातोना · १३ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मांजराचं अकरा वर्षं म्हणजे माणसाचं साठीच्या आसपास झालं. मुक्या जिवाला सुया टोचून आपण आपलीच समजूत घालतो. तिला घरी शांतपणे जाऊ द्या.

---

देवणीवाला, उदगीर · १३ नोव्हेंबर, रात्री ९:००

सातोनाभाऊ, साठीतल्या माणसाला आपण घरी बसवत नाही की.

ताई, मी शेतकरी आहे, मांजरांतलं मला कळत नाही. पण जनावराच्या कॅन्सरला पैसा घालणं हे शहरी खूळ आहे असं कोणी म्हटलं की मला बोलावंसं वाटतं. आमच्या वडिलांच्या देवणी बैलाला शिंगाचा कॅन्सर झाला होता. बैलांत हा आजार जुना आहे, गावोगावी माहीत आहे. बैल मान तिरकी करायचा, शिंग खांबाला घासायचा, नाकातून रक्त यायचं. सरकारी डॉक्टर उदगीरहून आले, शिंगाच्या बुडाला भूल दिली आणि शिंग मुळापासून काढलं. वडिलांनी त्या वर्षी घरातल्या कुणाला पोळ्याला नवं कापड घेतलं नाही. बैल त्यानंतर पाच पेरण्या चालला. एकशिंगी बैल म्हणून लोक बघायचे, वडील त्याला पोळ्याला दुसऱ्या बाजूला फुलांचा गोंडा बांधायचे.

तो कामाचा बैल होता, ही मांजर आहे, असं कुणी म्हणेल. पण पुढं तो औताला चालेनासा झाला तेव्हा वडिलांनी त्याला बाजार दाखवला नाही. गोठ्यातच गेला. तुमच्या भावाला हे वाचून दाखवा. सोयाबीनचं दुःख मलाही आहे, माझंही तसंच गेलं. तरी दाखवा.

---

मीरा, संभाजीनगर · १३ नोव्हेंबर, रात्री ११:४०

माझी गोष्ट दुसऱ्या टोकाची आहे, पण ती पण इथं असावी असं वाटतं.

आमच्या मन्याला जिभेखाली स्क्वॅमस सेल कार्सिनोमा झाला. लाळ गळायची, तोंडाला वास यायचा, आम्हाला दात किडला वाटलं. मांजरांत तोंडाचा हा कॅन्सर फार वाईट, वर्षभर जगणारी दहांत एकही सापडत नाही. मुंबईपर्यंत जाऊन विचारलं. डॉक्टरांनी खरं सांगितलं, त्यांचे उपकार. आम्ही उपचार केले नाहीत. म्हणजे कॅन्सरवर केले नाहीत, वेदनेवर सगळे केले. पाच आठवडे मिळाले.

तेव्हा मला पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची मोजपट्टी फार उपयोगी पडली. वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी. प्रत्येकीला ० ते १० गुण, बेरीज ३५ च्या वर असली तर दिवस बरे चाललेत असं समजायचं. मी रोज रात्री लिहायचे आणि माझे मिस्टर वेगळे लिहायचे. माझे गुण नेहमी जास्त असायचे. ज्या दिवशी माझ्याही हातून २४ लिहिलं गेलं, त्या रात्री आम्ही डॉक्टरांना घरी बोलावलं. आधी झोपेचं इंजेक्शन देतात. तो माझ्या मांडीवर गाढ झोपला, मग दुसरं. कळलंसुद्धा नाही.

सातोना, तुम्ही म्हणता तसं शांतपणे 'जाऊ देणं' आपोआप होत नाही. उपाशी, तहानलेलं मांजर कोपऱ्यात आठवडाभर बसतं आणि आपण त्याला शांत म्हणतो. मांजर दुखणं दाखवत नाही.

---

सातोना · १४ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

मीराताई, हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरची मांजरं अशीच कोपऱ्यात गेली. शब्द मागे घेतो.

---

परळीचा प्रशांत · १४ नोव्हेंबर, दुपारी १२:००

आमच्याकडे एकांनी हळदीचं दूध आणि माणसाची तापाची गोळी पाव-पाव द्यायला सांगितलं होतं. ते चालतं का?

---

निवृत्त पशुवैद्य · १४ नोव्हेंबर, दुपारी १२:२५

नाही! पॅरासिटामॉलचा तुकडाही मांजराचा जीव घेऊ शकतो. तिच्या यकृताला ती पचवताच येत नाही. आयब्युप्रोफेनचंही तेच. आणि ज्या घरात माणसाचा कॅन्सरचा उपचार चालू आहे त्यांनी ध्यानात ठेवा, सिस्प्लॅटिन आणि ५-फ्लुरोयुरॅसिल ही माणसांची औषधं मांजराला मारक आहेत. मोठ्या मांजराला दुधानेही बहुधा जुलाबच होतात.

---

गोदाकाठची · १९ नोव्हेंबर, रात्री १०:१५

सगळ्यांना उत्तर द्यायला जमलं नाही, क्षमा करा. परवा परभणीला जाऊन आलो. पोट साफ भादरून सोनोग्राफीवर बघत ग्रंथीतून सुईने पेशी घेतल्या, पाचच मिनिटं लागली. डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगितलं तसं मळमळीचं इंजेक्शन आणि भुकेची गोळी (मिर्टाझेपिन) मिळाली. काल संध्याकाळी उकडलेल्या चिकनचं पाणी पिऊन तिनं दोन तुकडे खाल्ले. आमचं घर माळकरी. अण्णांनी आयुष्यात मांस शिजताना पाहिलं नव्हतं. परसात वेगळी शेगडी मांडली आहे आणि पातेलं तेच धरून बसतात.

जाताना ती गाडीत तासभर ओरडत होती, जीभ बाहेर काढून धापा टाकत होती. चाळीस किलोमीटरला ही गत, तर पुण्याचं काय? रात्री झोप आली नाही.

भावाला बैलाची गोष्ट वाचून दाखवली. बराच वेळ फोनवर काही बोलला नाही. मग म्हणाला, सुईचे पैसे मी पाठवतो.

---

मीरा, संभाजीनगर · १९ नोव्हेंबर, रात्री १०:५०

प्रवासासाठी गॅबापेन्टिन विचारा, निघायच्या दोन-तीन तास आधी देतात. भीती खूप कमी होते. पिंजऱ्यावर अण्णांचं वापरलेलं धोतर टाका, धुतलेलं नको.

---

गोदाकाठची · २७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

रिपोर्ट आला. मोठ्या पेशी दिसल्या नाहीत. बारीक लिम्फोसाइट (लसिकापेशी) भरपूर. म्हणजे मोठ्या पेशींचा असण्याची शक्यता बरीच कमी झाली, पण लहान पेशींचा लिम्फोमा की जुनी सूज, ते कळलं नाही. ल्युकेमिया विषाणूची चाचणी निगेटिव्ह. बी-१२ कमी.

परभणीच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून दोन्ही वाटा सांगितल्या. पुण्याला दुर्बिणीतून किंवा पोट उघडून तुकडा, मग नेमका उपचार. किंवा तुकडा न काढता, दोन्ही आजारांत चालणारं प्रेडनिसोलोन आजपासून, आणि महिनाभरात वजन वाढलं नाही तर क्लोरॅम्ब्युसिल. दुसऱ्या वाटेत आपण अंदाजावर चालतो आणि मागे फिरता येत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

अण्णांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. विचारलं, पुण्याला नेऊन जे कळेल, त्यानं औषध बदलेल का? डॉक्टर म्हणाले, लहान पेशींचा निघाला तर क्लोरॅम्ब्युसिल पहिल्या दिवसापासून सुरू होईल, बाकी फार नाही. अण्णा म्हणाले, मग तिला एवढ्या लांब कशाला न्यायचं.

ठमी आता २ किलो ७०० आहे. रक्तात प्रथिनं कमी आहेत, पोट उघडलं तर आतड्याची शिवण नीट भरेल याची खात्री नाही, असं डॉक्टरही म्हणाले. आम्ही दुसरी वाट घेतली. सुमनताई, तुमचं म्हणणं मनात ठेवूनच घेतली. पट्टी या वेळी मी उघडली, पण काय सोडून देते आहे ते माहीत असताना.

---

सुमन जालना · २७ नोव्हेंबर, रात्री ९:५५

मी असते तर नेली असती. तुम्ही विचारून, समजून ठरवलंत, त्यापुढे माझं काही म्हणणं नाही. बोक्याची कॅटफूडची न उघडलेली पाकिटं आहेत, मुदत आहे अजून. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.

---

गोदाकाठची · १५ जानेवारी, रात्री ८:४५

काल संक्रांत झाली. बरेच जण विचारत होते म्हणून लिहिते.

डिसेंबरभर नुसत्या स्टेरॉइडवर वजन २ किलो ८०० च्या पुढे जाईना. म्हणून नाताळाच्या सुमारास क्लोरॅम्ब्युसिल सुरू केलं, २ मिलिग्रॅमची गोळी, ठरलेल्या दिवशीच. हे माणसांचं औषध, लिहून दिलेल्या चिठ्ठीवर नांदेडहून मागवलं. गोळी फोडायची नाही, कुटायची नाही, हातमोजे घालूनच धरायची. सुनेला दिवस गेलेत, ती गोळीला आणि ठमीच्या मातीच्या घमेल्याला हातही लावत नाही. ठमी परसात जायची, आता घरातच घमेलं ठेवलंय, म्हणजे मुलांच्या खेळण्याच्या मातीत काही जाऊ नये. गोळ्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात आणि इथं लाइटीचा भरवसा नाही. लाइट गेली की अण्णा फ्रिजला कुणाला हात लावू देत नाहीत.

दोन आठवड्यांनी रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी ठीक आहेत. केस गळतील ही माझी भीती होती, तसं काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले होते की मांजराचे केस सहसा जात नाहीत, कधी मिशा गळतात. दोन मिशा गळल्या. अण्णांनी त्या खतावणीत ठेवल्या आहेत.

त्याच खतावणीत ते दर शनिवारी तिचं वजन लिहितात, गूळ-शेंगदाण्याच्या खात्याखाली. मीराताईंची मोजपट्टीही तिथंच आहे, मी एक आकडा लिहिते, अण्णा एक. कुठं थांबायचं तेही आम्ही आत्ताच, ती बरी असताना, लिहून ठेवलंय. नळीने खाऊ घालायचं नाही. लागोपाठ तीन शनिवार वजन उतरलं आणि गल्ल्यावर चढणं सोडलं, तर आणखी औषध नाही. डॉक्टरांना दुकानात बोलवायचं, दवाखान्यात न्यायचं नाही. अण्णांनी त्याखाली सही केली. मी हसले नाही, मीही केली.

परवाच्या शनिवारचं वजन: ३ किलो १४०.

---

हिंगोलीची राधा · १६ जानेवारी, सकाळी ७:२०

ताई, रात्रभर हा धागा वाचला. आमच्या बारा वर्षांच्या राणीला तशाच उलट्या होऊ लागल्यात, आज तिसरा दिवस, काही खाईना. घरात मी एकटीच आहे. परभणीला कधी गेले नाही, पिंजराही नाही. कुठं जायचं, काय मागायचं?

---

गोदाकाठची · १६ जानेवारी, सकाळी ७:३५

राधा, तिसरा दिवस आहे तर आजच निघा. पिंजरा नसला तर झाकणाची भाजीची क्रेट घ्या, दोरीने बांधा, वरून तुमची जुनी साडी टाका. व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात या. मी इथून साडेआठच्या गाडीने निघते, आमचा पिंजरा परतीला घेऊन जा. अण्णा म्हणताहेत, चिकनचं पाणी थर्मासमध्ये भरून देतो.